चार हाडे, एक शरीर : एकदम की टप्प्याटप्प्याने?

पाय लांबवायचे ठरले, की लगेच पुढचा प्रश्न समोर येतो. दोन मांड्यांची आणि दोन नडग्यांची मिळून चार मोठी हाडे. ती सगळी एकदम लांबवायची, की आधी दोन आणि मग दोन? हा प्रश्न दोन प्रकारच्या माणसांना पडतो. पहिली, अकॉन्ड्रोप्लेझियासारख्या जन्मजात कारणाने उंची खुंटलेली मुले आणि त्यांचे आईवडील. या विकारात प्रौढ पुरुषाची सरासरी उंची १३१ आणि स्त्रीची १२४ सेंटिमीटरच्या आसपास राहते. बसची पायरी, बँकेचा काउंटर, दाराची वरची कडी या गोष्टी मग रोजचे अडसर होतात. दुसरी, जिची उंची वैद्यकीय दृष्टीने अगदी ठीक आहे, पण आपण कमी पडतो ही बोच जिला सोडत नाही अशी तरुण मंडळी. दोघांनाही घाई असते आणि ती समजण्याजोगी आहे. शाळेचे वर्ष बुडते, नोकरीवरची रजा संपते, घरातले एक माणूस सतत शुश्रूषेला लागते. म्हणून ‘एकदाच काय ते होऊन जाऊ द्या’ अशी मागणी होते. माझे म्हणणे असे, की या मागणीचे उत्तर सरसकट हो किंवा नाही असे देता येत नाही, पण ते शोधण्याची एक पक्की रीत आहे. कोणता धोका किती काळ टिकतो हे आधी पाहावे, ते धोके एकमेकांवर कुठे चढतात हे तपासावे आणि मधेच थांबावेसे वाटले तर रुग्ण कोणत्या अवस्थेत उरेल, हे शस्त्रक्रियेच्या आधी विचारावे. या तिन्ही कसोट्या लावल्या, की चारही हाडे एकदम लांबवण्याची बाजू बरीच लंगडी पडते.

आधी हाड लांबते कसे ते पाहू. हाड रबरासारखे ताणले जात नाही. ते कापतात, आणि दोन टोकांमधल्या फटीत शरीर नवे हाड भरते. इटलीतील अलेस्सांद्रो कोदिविल्ला यांनी १९०५मध्ये हाड कापून ताण देण्याची पद्धत मांडली होती, पण एकदम जोर लावल्याने मऊ उतींची हानी होई. या कामाला शिस्त आणली ती सायबेरियातील कुर्गान शहरातल्या गाव्रिल इलिझारोव्ह यांनी, १९५०च्या दशकात. पायाभोवती धातूच्या कड्या, हाडातून आरपार गेलेल्या ताणलेल्या तारा आणि कड्या जोडणारे आटे पाडलेले दांडे, असे त्यांचे उपकरण. दांड्यावरचा नट एक पूर्ण फेरा फिरवला, की फट एक मिलिमीटर वाढते. तो पाव-पाव फेऱ्याने दिवसातून चारदा फिरवायचा. हाड कापल्यावर पाच ते सात दिवस काहीच करायचे नाही, मग रोज एक मिलिमीटर. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत इलिझारोव्ह यांना दिसले, की रोज अर्धा मिलिमीटर ताणले तर फट वेळेआधीच जुळून जाते आणि दोन मिलिमीटर ताणले तर नवे हाड नीट धरत नाही. तोच एक मिलिमीटर जितक्या लहान हिश्श्यांत द्यावा तितके हाड चांगले. एक्स-रेमध्ये सुरुवातीला ही फट नुसती काळी दिसते. काही आठवड्यांनी तिच्यात दोन्ही टोकांकडून उभे, धुरकट पांढरे पट्टे उतरतात. ताणणे थांबल्यावर हे पट्टे घट्ट हाडात बदलायला ताणण्याच्या काळाइतका, बहुधा त्याच्या दुप्पट वेळ लागतो. बाहेरच्या कड्यांचा हिशेब ढोबळमानाने एका सेंटिमीटरला एक महिना असा आहे. सहा सेंटिमीटरसाठी दोन महिने ताणणे आणि पुढे साधारण चार महिने वाट पाहणे. एका वेळी दोन हाडे घेतली काय आणि चार घेतली काय, प्रत्येक हाडाला लागणारा वेळ तेवढाच. वाचतो तो फक्त दुसऱ्यांदा ताणण्याचा आणि वाट पाहण्याचा काळ.

आता धोके. ते एकाच जातीचे नाहीत. प्रत्येकाचा काळ वेगळा आहे. काही धोके तासांचे असतात: भूल, रक्तस्राव, फुप्फुसात जाणारे चरबीचे कण. काही आठवड्यांचे: आखडणारे स्नायू, ताणल्या जाणाऱ्या नसा, जागचा सरकू पाहणारा सांधा. काही महिन्यांचे: न भरणारी फट, वाकणारे नवे हाड, हाडाच्या पोकळीत बसवलेला आणि तुटणारा रॉड. काही वर्षांचे: गुडघ्याची वा घोट्याची कायमची ताठरता आणि मनावर राहून गेलेला परिणाम. ‘टप्प्याटप्प्याने’ हा शब्द वापरताना त्यातला कोणता धोका आपण वेगळा काढतो आहोत, हे स्पष्ट नसले तर टप्पा नावालाच उरतो. मांड्यांची शस्त्रक्रिया आज आणि नडग्यांची तीन आठवड्यांनी, या योजनेलाही टप्प्याची म्हणतात. पण त्यामुळे फक्त तासांचा धोका विभागला जातो. तीन आठवड्यांनी मांड्यांचे ताणणे ऐन भरात असते. म्हणजे आठवड्यांचे आणि महिन्यांचे धोके पुन्हा एकमेकांवर येऊन बसतात. रुग्णाच्या फायलीत दोन तारखा असतात, शरीराला मात्र एकच ओझे जाणवते.

तासांच्या धोक्यातला सर्वांत गंभीर प्रकार मांडीच्या हाडाशी जोडलेला आहे. या हाडाच्या पोकळीत मज्जा असते आणि मज्जेत भरपूर चरबी. आत रॉड बसवण्यासाठी ती पोकळी रीमरने कोरून रुंद करावी लागते. त्या वेळी आतला दाब वाढतो आणि चरबीचे कण शिरांवाटे फुप्फुसात ढकलले जातात. थोडे कण निरोगी शरीर पचवते. जास्त झाले तर रक्तातला प्राणवायू उतरतो, रुग्ण गोंधळतो, क्वचित जीवही जातो. दोन्ही मांड्या एकाच दिवशी केल्या तर हा भार काही तासांत दोनदा पडतो. यावर उपाय आहेत. जिथे हाड कापायचे तिथे कोरण्याच्या आधीच बारीक छिद्रे पाडली, की दाब बाहेर निघतो आणि कोरलेला भुसा त्याच जागी पडून नव्या हाडाला मदत करतो. एक बाजू झाल्यावर प्राणवायूचे प्रमाण आणि रक्तदाब पाहून दुसरी बाजू करायची की पुढे ढकलायची, हे ठरवता येते. ही सावधगिरी खरोखर पाळली जात असेल, तर तरुण व निरोगी माणसाच्या दोन्ही मांड्या एका दिवशी करणे हा विचारपूर्वक घेतलेला धोका ठरतो. त्याच भुलीत नडग्याही घालणे म्हणजे शस्त्रक्रियेचे तास, रक्तस्राव आणि पायांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता आणखी वाढवणे.

आठवड्यांचा धोका मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण रुग्णाच्या रोजच्या जगण्यावर कायमचा ठसा बहुतेक वेळा तोच उमटवतो. हाड रोज एक मिलिमीटर वाढायला तयार असते. स्नायू, कंडरा आणि नसा तितक्या तयार नसतात. मांडी लांबवताना मागचे स्नायू आखडून गुडघा वाकलेला राहू पाहतो आणि पुढचे स्नायू ताठरल्याने तो पुरता वाकेनासाही होतो. नडगी लांबवताना पोटरी आखडते, टाच वर उचलली जाते आणि पाऊल चवड्यावर उभे राहते. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला चिकटलेला असतो, म्हणून तो आखडला की गुडघाही वाकतो. एकाच पायाची मांडी आणि नडगी बरोबर लांबवली, तर गुडघा दोन्हीकडून एकाच दिशेने ओढला जातो. शिवाय मांडीच्या मागून उतरणारी मोठी नस गुडघ्यापाशी विभागून नडगीत जाते, म्हणजे तिलाही वरून आणि खालून, दोन ताण एकाच वेळी सोसावे लागतात. यावर इलाज व्यायामाचा: दिवसातून अनेकदा गुडघा सरळ करणे, टाच खाली दाबून धरणे, फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली तास घालवणे. माणसाची वेदना सोसण्याची आणि व्यायाम करण्याची ताकद मात्र एकच असते. हाडे चार केली म्हणून ती चौपट होत नाही. आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे, देशी पद्धतीचे शौचालय, जमिनीवरची पूजा, शेतातली खुरपणी यांना गुडघा व घोटा पुरता वाकावा लागतो. खुर्चीवर आयुष्य काढणाऱ्याला गुडघ्याची जी ताठरता खपून जाते, ती सातारा-सांगलीकडच्या गावात राहणाऱ्या माणसाला अपंगत्वासारखी वाटू शकते.

आता थोडे गणित. खरी आकडेवारी केंद्रागणिक आणि रुग्णागणिक बदलते, म्हणून निव्वळ विचारासाठी एक संख्या धरू. समजा, कोणत्याही एका हाडात अशी अडचण येण्याची शक्यता २० टक्के आहे, जिच्यासाठी आधी न ठरवलेली शस्त्रक्रिया करावी लागेल. चार हाडांपैकी निदान एकात ती येण्याची शक्यता ५९ टक्के होते, आणि हाडे एकदम लांबवा की टप्प्याने, ती सारखीच राहते. टप्प्याने केले म्हणून एकूण अडचणी कमी होतात, असा दावा करणारे इथेच चुकतात. फरक दुसरीकडे आहे. चारही हाडे एकदम लांबवली तर दोन किंवा अधिक हाडे एकाच काळात अडचणीत येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. दोन-दोनच्या दोन वेगळ्या टप्प्यांत केली, तर कुठल्या तरी टप्प्यात दोन्ही हाडे अडण्याची शक्यता सुमारे ८ टक्के. एक हाड भरत नसेल तर माणूस दुसऱ्या पायावर भार देऊन वॉकरने चालू शकतो. दोन्ही पायांत अडचण आली तर तो अंथरुणाला खिळतो, स्नायू झिजतात, गुठळीचा धोका वाढतो आणि व्यायाम मागे पडतो. या हिशेबात प्रत्येक हाड स्वतंत्र धरले आहे, पण चारही हाडे एकाच शरीराची आहेत. ज्याचे एक हाड हळू भरते त्याची बाकीचीही हळूच भरण्याचा संभव अधिक. म्हणजे प्रत्यक्षात अडचणी घोळक्याने येतात आणि एकदम करण्यातला धोका आणखी वाढतो.

अडचणी घोळक्याने येतात, हे उपकरणांनाही लागू पडते. बाहेरच्या कड्यांऐवजी आता पोकळीतले रॉड वापरतात. २०११मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेला प्रीसाइस रॉड बाहेरून धरलेल्या चुंबकाने लांबतो, त्यामुळे पिनांच्या भोकांतला जंतुसंसर्ग टळतो, झोप बरी लागते आणि व्रणही कमी राहतात. ही मोठीच सोय आहे. म्हणून काहींना वाटते, की जुन्या भीती आता गैरलागू झाल्या. पण रॉड बदलल्याने स्नायू बदलले नाहीत आणि नव्या हाडाचा वेगही बदलला नाही. शिवाय नव्या उपकरणाचे दोष कळायला वेळ लागतो. पूर्ण भार सोसेल म्हणून गाजलेला स्ट्राइड नावाचा पोलादी रॉड २०१८च्या सुमारास आला. रॉडच्या दोन भागांच्या जोडाजवळ गंज आणि भोवतालच्या हाडात बदल दिसू लागल्यावर २०२१मध्ये तो बाजारातून मागे घ्यावा लागला. ज्याच्या चारही हाडांत एकाच जातीचा रॉड असेल, त्याच्या वाट्याला असा दोष चारही जागी येतो. दोन टप्प्यांत काही महिन्यांचे अंतर असेल, तर निदान दुसऱ्या वेळी अधिक माहिती हाताशी असते.

टप्प्यांचा खरा मोठा फायदा इथेच आहे. पहिला टप्पा ही त्या शरीराबद्दलची माहिती असते, आणि ती कोणत्याही तपासणीतून आधी मिळत नाही. हाड किती वेगाने भरते, पोटरी किती साथ देते, रुग्ण वेदनेला कसे तोंड देतो, घरचे किती टिकतात, हे सहा महिन्यांत कळून चुकते. त्यावरून दुसऱ्या टप्प्यात वेग कमी करता येतो, लांबी कमी धरता येते किंवा दुसरा टप्पाच सोडून देता येतो. अनेकांना पाच-सहा सेंटिमीटरनंतर पुरे वाटू शकते. एकदम करणाऱ्याला असे वाटण्याची संधीच मिळत नाही. हा थांबण्याचा हक्क शाबूत ठेवायचा, तर टप्पे कसे पाडायचे हेही महत्त्वाचे आहे. अकॉन्ड्रोप्लेझियासाठी एक रीत म्हणजे आधी दोन्ही नडग्या, मग दोन्ही मांड्या. दुसरी तिरपी रीत: आधी उजवी मांडी आणि डावी नडगी, नंतर उरलेली जोडी. तिरप्या रीतीचेही समर्थक आहेत आणि प्रत्येक पायात एकच हाड लांबते हे खरे. पण पहिल्या टप्प्यानंतर थांबावे लागले तर दोन्ही गुडघे वेगवेगळ्या उंचीवर राहतात, म्हणजे दुसरा टप्पा जवळजवळ सक्तीचा होतो. दोन्ही नडग्या वा दोन्ही मांड्या बरोबर केल्या, तर मधेच थांबूनही पाय सारखे राहतात. मुलांच्या बाबतीत टप्प्यांमधले अंतर वर्षांचे असू शकते, आणि त्या काळात उपचारही बदलतात: अकॉन्ड्रोप्लेझियात वाढ सुधारणारे व्होसोरिटाइड हे औषध युरोपात व अमेरिकेत २०२१मध्ये मान्य झाले.

या मांडणीवरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला खर्चाचा आणि वेळेचा. टप्प्याने करायचे तर दोनदा भूल, दोनदा रुग्णालय, दोनदा रजा. अकोल्यासारख्या शहरातल्या इलिझारोव्ह केंद्रात दूरच्या तालुक्यांतून येणाऱ्या कुटुंबाला दुसरे वर्ष परवडेलच असे नाही. हा आक्षेप खरा आहे आणि शल्यविशारदाने तो ऐकला पाहिजे. पण तुलना करताना एकदम करण्याच्या बाजूला सगळे सुरळीत झाल्याचा हिशेब आणि टप्प्यांच्या बाजूला पूर्ण खर्च, असे मांडणे बरोबर नाही. न ठरवलेल्या शस्त्रक्रिया आणि कमावत्या माणसाचे लांबलेले अंथरूण हेही त्याच वहीत लिहावे लागते. दुसरा आक्षेप अभ्यासांचा: काही केंद्रांच्या अहवालांत दोन्ही पद्धतींच्या अडचणी सारख्याच दिसतात. मात्र हे अहवाल बहुधा एका केंद्रातील जुन्या नोंदींवरून केलेले असतात आणि एकदम करण्यासाठी निवडलेले रुग्ण मुळातच तरुण व धडधाकट असतात. शिवाय अडचणी दर हाडामागे मोजल्या, तर एका माणसावर त्या किती एकवटल्या हे दिसत नाही. शल्यविशारद ड्रोर पेली यांनी १९९०मध्ये हाड लांबवण्यातल्या अडचणींचे तीन वर्ग केले: शस्त्रक्रियेविना सुटणाऱ्या, शस्त्रक्रियेने सुटणाऱ्या आणि उपचार संपल्यावरही मागे राहणाऱ्या. रुग्णाने विचारायचे ते तिसऱ्या वर्गाबद्दल, आणि तेही दर माणसामागे. जवळचा पुरावा गुडघेबदलाचा आहे. तिथे दोन्ही गुडघे एकाच भुलीत बदलले, तर फुप्फुसात गुठळी जाण्याचा आणि सुरुवातीच्या काळात मृत्यूचा धोका वाढतो, असे अनेक एकत्रित विश्लेषणांत दिसले आहे. ते रुग्ण वयस्क असतात, म्हणून तो आकडा इथे लावता येणार नाही. दिशा मात्र लक्षात घेण्याजोगी आहे.

तिसरा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत बळकट आहे. जन्मतः एकच पाय खूप आखूड असेल, तर सात सेंटिमीटर एका हाडातून काढण्यापेक्षा चार मांडीतून आणि तीन नडगीतून काढणे स्नायूंना सोपे जाते, आणि शल्यविशारद तसे करतातही. मला हे मान्य आहे, आणि माझ्या मुद्द्याच्या ते विरोधातही नाही. तिथे एकूण लांबी तीच ठेवून ती दोन हाडांत वाटली जाते, वेग कमी ठेवला जातो आणि दुसरा पाय धड असतो. उंचीसाठी चार हाडे एकदम घेतली जातात ती लांबी वाटून घेण्यासाठी नव्हे, दुप्पट मिळवण्यासाठी, आणि धड पाय एकही उरत नाही.

केवळ सौंदर्यासाठी उंची वाढवणाऱ्यांबाबत कसोटी आणखी कडक हवी, कारण तिथे बरा करायचा आजार नसतो आणि गमावण्यासारखे सगळे असते. चीनच्या आरोग्य मंत्रालयाने २००६मध्ये निव्वळ उंचीसाठीच्या शस्त्रक्रियेला बंदी घातली. २०१६मध्ये हैदराबादेत एका तरुणाने घरच्यांना न सांगता पाय लांबवून घेतले आणि तो वाद राज्याच्या वैद्यकीय परिषदेपर्यंत गेला. बंदी हा एकमेव मार्ग आहे असे मी म्हणत नाही. सज्ञान माणसाला स्वतःच्या शरीराबद्दल ठरवता येते. पण संमती खरी ठरते ती पुढे काय येणार याची कल्पना असेल तेव्हाच, आणि या उपचारातली वेदना आणि परावलंबन अनुभवाआधी कुणालाच नीट कळत नाही. पहिल्या टप्प्यानंतर दिलेली दुसरी संमती म्हणूनच अधिक मोलाची.

तेव्हा निष्कर्ष असा. दोन्ही पायांची एकाच नावाची दोन हाडे बरोबर लांबवणे, अनुभवी हातांत आणि चरबीच्या धोक्याची दखल घेऊन, बहुतेकांसाठी वाजवी आहे. चारही हाडे एकाच हंगामात लांबवणे टाळावे, मग शस्त्रक्रियांच्या तारखा वेगळ्या असोत वा नसोत. दुसऱ्या टप्प्याचा दिवस आधीच छापून ठेवू नये. पहिल्या टप्प्यातले हाड एक्स-रेवर पक्के दिसले, गुडघा पूर्ण सरळ होऊ लागला, टाच जमिनीला टेकली, माणूस आधाराविना चालू लागला आणि अजूनही त्याला पुढे जायचे असेल, तर तो दिवस ठरवावा. यातली एकही गोष्ट बाकी असेल तर थांबावे; थांबल्याने गमावतो तो थोडा काळ, आणि घाईने गमावलेला सांधा परत मिळत नाही.